खेळतां खेळतां पडणारा अंधार

संगणकावरचा खेळ ऐन रंगांत आलेला असावा आणि त्याच क्षणीं पडदा एकाएकीं काळाकुट्ट व्हावा, हा अनुभव ज्यांच्या घरांत कॉलेजांत जाणारें मूल आहे त्यांपैकीं पुष्कळांना आलेला असेल. आवाज कधीं क्षणभर चालू राहतो, कधीं तोहि थांबतो. आंतले पंखे मात्र घोंघावत असतात. त्याच यंत्रावर पत्र लिहा, हिशेब करा, तीन तासांचा चित्रपट पाहा, कांहीं होत नाहीं. यावरून घरांतलीं वडील माणसें एकच अनुमान काढतात: दोष खेळाचा, आणि पर्यायानें खेळणाराचा. हें अनुमान मीहि काढलें होतें, आणि जन्मभर इतिहास शिकवून काढलें होतें. त्याचें प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मागाहून मीं या अंधाराचा इतिहास धुंडाळला. तो येथें सांगणार आहें. यंत्रशास्त्रांत माझी गति बेताचीच आहे. परंतु लोकांनीं एखाद्या गोष्टीचें कारण कोठें शोधलें आणि तें अखेर कोठें सांपडलें, हा विषय इतिहासाच्या अध्यापकाला परका नाहीं.

आधीं घरची हकीकत. माझा भाचा इंजिनियरिंगच्या शिक्षणासाठीं आमच्याकडे अकोल्यास राहत असे. त्याच्यासाठीं घेतलेला संगणक मीं दिवाणखान्यांतील सागवानी कपाटाच्या खालच्या खणांत ठेवविला होता. पसारा दिसूं नये म्हणून खणाला दार होतें व तें लावून घेण्याविषयीं माझा कटाक्ष असे. २०१९ च्या मे महिन्यांत पडदा काळा होऊं लागला. रोज संध्याकाळीं तो खेळावयास बसे, आणि दहापंधरा मिनिटांत अंधार. तिसऱ्या दिवशीं मीं निकाल दिला कीं, खेळ बंद. त्यानें हळूच विचारलें, “मामा, खेळच वाईट असेल, तर डिसेंबरांत पडदा कां काळा झाला नाहीं? तेव्हांहि मी हाच खेळ खेळत होतों.” वास्तविक हा प्रश्न चांगल्या परीक्षकानें विचारावा असा होता. मीं त्याला “उलट बोलूं नकोस” असें उत्तर दिलें, आणि संगणकांतलें ग्राफिक्स कार्ड काढावयास लावून लोखंडी कपाटांत कुलुपांत टाकलें. पडदा पुन्हां काळा झाला नाहीं. माझें अनुमान खरें ठरलें, अशी माझी खात्री झाली. त्या खात्रीची किंमत काय पडली तें पुढें येईल.

उष्णता आणि गणकयंत्र यांचें वैर गणकयंत्राइतकेंच जुनें आहे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें पेनसिल्व्हानिया विश्वविद्यालयांत बांधलेलें ‘एनियाक’ नांवाचें यंत्र १९४६ च्या फेब्रुवारींत जगापुढें आलें. त्यांत सुमारें अठरा हजार व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओंत पांचसहा असत, आणि त्यांतला एक जळाला तरी दुरुस्तीवाल्याकडे फेरी होई, हें ज्यांना आठवतें त्यांना अठरा हजारांचा अर्थ समजेल. हें यंत्र सुमारें दीडशें किलोवॅट वीज खाई, आणि ती अखेर उष्णतेच्या रूपानें खोलीभर पसरे. इतके व्हॉल्व्ह एकाच वेळीं धड राहणें शक्य नाहीं, यंत्र चालण्यापेक्षां बंदच अधिक राहील, अशी शंका त्या वेळच्या जाणत्या लोकांनीं घेतली होती. प्रेस्पर एकर्ट या तरुण इंजिनियरनें त्यावर दोन उपाय योजले. एक असा कीं, प्रत्येक व्हॉल्व्हला जेवढा भार सोसतो त्याहून पुष्कळच कमी भार त्याच्यावर टाकावयाचा. दुसरा उपाय अनुभवानें सुचला. व्हॉल्व्ह निकामी होतात ते मुख्यतः यंत्र चालू किंवा बंद करतांना, म्हणजे थंडाचे गरम आणि गरमाचे थंड होतांना, असें दिसून आलें. तेव्हां यंत्र बंद करणेंच सोडून दिलें. मग सरासरीनें दोन दिवसांत एखादा व्हॉल्व्ह जाऊं लागला, आणि १९५४ सालीं तर एकदां ११६ तासपर्यंत एकहि गेला नाहीं.

यांतलें मर्म स्वयंपाकघरांत कोणालाहि ठाऊक असतें. गार कांचेच्या पेल्यांत कढत चहा ओतला म्हणजे पेला तडकतो; त्याला उष्णता सोसत नाहीं असें नव्हे, उष्णतेचा चढउतार सोसत नाहीं. या एका गोष्टीची गांठ आपल्याला साठ वर्षांनीं पुन्हां पडावयाची आहे.

पडद्यावरचे पहिले खेळ प्रयोगशाळांत जन्मले. १९५८ सालीं ब्रुकहेवन येथें विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं ऑसिलोस्कोपच्या कांचेवर टेनिस खेळून दाखविला. १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतल्या तरुणांनीं पीडीपी-१ या यंत्रावर अवकाशांतल्या युद्धाचा खेळ रचला. तेथें यंत्राची निगा ठेवणारे जाणकार उशापायथ्याशीं बसलेले असत; बिघाड झाला तर तो त्यांच्या पोटांत जाई. खेळ पेठेंत आल्यावर मात्र प्रश्न निघाला कीं, पडदा बंद पडला तर कोणाला बोलवावें आणि त्यानें येऊन प्रथम काय पाहावें?

या प्रश्नाचें पहिलें प्रसिद्ध उत्तर मोठें गमतीचें आहे. १९७२ सालीं नोलन बुश्नेल व टेड डॅबनी यांनीं अटारी कंपनी स्थापिली. त्यांच्याकडे आलेल्या अल् अल्कॉर्न या इंजिनियरनें ‘पाँग’ नांवाचा चेंडूफळीचा खेळ तयार केला, आणि त्याचा पहिला नमुना कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल गांवच्या एका पानगृहांत ठेवण्यांत आला. तिकडची पावली, म्हणजे पंचवीस सेंटचें नाणें, टाकलें कीं खेळ सुरू. थोड्याच दिवसांत पानगृहांतून निरोप आला कीं, यंत्र बंद पडलें आहे. अल्कॉर्न गेला. स्वतःच्या हातानें जोडलेल्या तारा, स्वतः बसविलेल्या चिपा. कोठें काय बिघडलें असेल याचे शंभर तर्क त्याच्या मनांत आले असतील. त्यानें नाण्यांची पेटी उघडली, तों ती कांठोकांठ भरून बाहेर सांडत होती. नाण्यांना जागा उरली नव्हती, म्हणून खेळ सुरू होईना! यंत्रांत कांहींहि बिघडलें नव्हतें. बिघाड होता तो लोकप्रियतेचा. ही गोष्ट पुढें इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, तिला दंतकथेची झळाळी आली आहे. परंतु खुद्द अल्कॉर्ननेंच ती वारंवार सांगितलेली असल्यामुळें ती टाकून देण्याचें कारण नाहीं. मला तींत रस वाटतो तो एवढ्यासाठीं कीं, त्यानें प्रथम पेटी उघडली. आमच्यासारखा असता तर आधीं पिणारांच्या व्यसनावर व्याख्यान देता.

सगळाच बिघाड असा बाहेरचा असतो असें मात्र नाहीं. १९८० सालीं जपानांत निघालेल्या ‘पॅक-मॅन’ या खेळांत २५६ व्या पातळीवर पोंचणाऱ्या खेळाडूच्या पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या व ठिपक्यांच्या कचऱ्यानें भरून जाई व पुढें खेळणें अशक्य होई. याचें कारण कितीहि झाडलें-पुसलें तरी सांपडावयाचें नाहीं, कारण तें अंकगणितांत आहे. ज्या कारकुनाच्या पाटीवर तीनच आंकडे मावतात तो ९९९ नंतर पुन्हां शून्यावर येतो. त्याचप्रमाणें या यंत्राची पातळी मोजण्याची पाटी २५५ पर्यंतच होती. इतक्या दूर कोणी पोंचेल असें रचनाकारांना वाटलें नव्हतें. तात्पर्य, पडदा बिघडण्याचें कारण कधीं लिहिलेल्या आज्ञांत असतें, कधीं तारांत, कधीं उष्णतेंत. आणि तिन्हींचें रूप बाहेरून पाहणाराला सारखेंच दिसतें. सगळा घोटाळा येथें आहे.

या घोटाळ्यांतून लोकांनीं स्वतःचें वैद्यक निर्माण केलें. १९८५ सालीं निन्टेन्डो कंपनीनें अमेरिकेंत आणलेल्या खेळयंत्रांत खेळाची डबी पुढच्या दारांतून आंत सरकवून खालीं दाबावी लागे. आंतल्या बहात्तर टांचण्यांची पकड वापरानें सैल होई. त्यांत आणखी, परक्यांच्या डब्या चालूं नयेत म्हणून कंपनीनें एक पहारेकरी चिप बसविली होती. डबींतल्या जोडीदार चिपशीं तिचें बोलणें नीट जुळलें नाहीं कीं ती यंत्राला दर सेकंदाला नव्यानें सुरू करी, आणि पडदा उघडझांक करूं लागे. जगभरच्या मुलांनीं यावर एकच उपाय शोधला: डबी बाहेर काढावयाची, तिच्या तोंडांत जोरानें फुंकर घालावयाची आणि पुन्हां बसवावयाची. आपल्याकडेहि १९९० नंतर या यंत्रांच्या स्वस्त नकला घरोघर आल्या. पुण्यामुंबईपासून वऱ्हाडापर्यंत सर्व गांवचीं मुलें सुटींत असलीच फुंकर घालीत होतीं; त्यांना ती कोणीं शिकविली हें सांगणें कठीण आहे. फुंकर घातल्यावर खेळ पुष्कळदां सुरू होई, हेंहि खरें. पण तो सुरू होई तो डबी काढून पुन्हां बसविल्यामुळें, टांचण्यांना नवी जागा मिळाल्यामुळें. फुंकरेंतला ओलावा त्या टांचण्यांवर गंज चढवितो, असें कंपनीलाच पुढें सांगावें लागलें. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गांठ पडावी, हा जो आपला काकतालीय न्याय, त्याचें इतकें सुरेख उदाहरण वर्गांत सांगावयास मला दुसरें मिळालेलें नाहीं. उपाय लागू पडला एवढ्यावरून कारण कळलें असें होत नाहीं. मीं ग्राफिक्स कार्ड कुलुपांत टाकल्यावर पडदा काळा होईनासा झाला, तोहि असाच फुंकरेचा प्रकार होता.

आतां त्या कार्डाकडे वळूं. चित्र काढण्याचें काम संगणकाच्या मुख्य मेंदूकडून काढून घेऊन वेगळ्या कार्डाकडे सोंपविण्याची रीति घरगुती खेळांत १९९६ च्या सुमारास रुळली. त्या वर्षीं आलेल्या ‘व्हूडू’ कार्डाला पंखासुद्धां नव्हता. २००३ सालच्या एका एन्व्हिडिया कार्डाचा पंखा एवढा किंचाळे कीं लोक त्याला कचरा ओढणारें यंत्र म्हणत, आणि कंपनीनें स्वतःच त्याची थट्टा करणारी चित्रफीत काढली. २०२२ च्या ऑक्टोबरांत आलेल्या ४०९० या कार्डाची भूक ४५० वॅटची आहे, म्हणजे छताला टांगलेले सहा पंखे चालतील इतकी. एनियाकच्या विजेची अठरा हजार व्हॉल्व्हांत वांटणी केली तर प्रत्येकाच्या वांट्याला आठ वॅटच्या आसपास येते. येथें ४५० वॅटचा बहुतेक भाग तळहाताहून लहान चिपेंत एकवटतो.

खेळाचीच अडचण कां, याचें उत्तर या आंकड्यांत आहे. पत्र लिहितांना कार्ड जवळजवळ झोंपलेलें असतें. चित्रपट पाहतांना त्याला आधींच तयार असलेलीं चित्रें उलगडावयाचीं असतात, आणि त्यासाठीं चिपेंत एक लहानसा स्वतंत्र भाग असतो. खेळांत मात्र पुढचें चित्र कोणतें हें खेळणाराच्या बोटावर अवलंबून. तें त्याच क्षणीं, सेकंदाला साठ किंवा शंभर वेळां, नव्यानें रचावें लागतें. घरगुती संगणकाला त्याच्या पूर्ण ताकदीनें जुंपणारा धनी बहुधा हा एकटाच. भरल्या गाडीचा आंस घाटांत मोडला तर आपण घाटाला शिव्या देतों. आंस कधींपासून चिरलेला होता हें सपाट रस्त्यावर कळत नाहीं.

पडदा काळा होण्याच्या एका जातीला तर राजमान्यता मिळालेली आहे. पूर्वीं कार्ड अडून बसलें म्हणजे सगळा संगणकच गोठे व बटण दाबून तो नव्यानें सुरू करण्यावांचून गत्यंतर नसे. २००७ च्या जानेवारींत विकावयास आलेल्या विंडोज व्हिस्टामध्यें मायक्रोसॉफ्टनें व्यवस्था केली कीं, कार्डानें दोन सेकंदांत उत्तर दिलें नाहीं तर त्याला व त्याच्या ड्रायव्हरला नव्यानें सुरू करावें. मग पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हां उजळतो आणि ‘ड्रायव्हर थांबला होता, आतां सावरला आहे’ अशा अर्थाची पाटी दिसते. म्हणजे हा अंधार रोग नसून रोगावरची मात्रा आहे. पुष्कळांनीं ती पाटी वाचून ड्रायव्हरलाच दोषी धरलें, आणि जुना काढ, नवा घाल, यांत रात्री घालविल्या. कधीं दोष खरोखर त्याचाच असे. कधीं मात्र तो बिचारा उष्णतेनें घेरी आलेल्या मालकाची बातमी घेऊन आलेला असे.

आतां एनियाकची ती जुनी गोष्ट पुन्हां. २००५ च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टचें ‘एक्सबॉक्स ३६०’ हें खेळयंत्र बाजारांत आलें, आणि लौकरच त्याच्या तोंडावरच्या दिव्यांचें पाऊण वर्तुळ तांबडें होऊन पडद्यावर अंधार पडल्याच्या तक्रारी येऊं लागल्या. २००७ च्या जुलैंत कंपनीनें या दोषासाठीं हमीची मुदत तीन वर्षें केली व त्यापायीं शंभर कोटि डॉलरांहून अधिक रक्कम खर्चीं घातली. मध्यंतरीं लोकांनीं आपलें वैद्यक चालविलेंच होतें. यंत्र टॉवेलांत गुंडाळून चालू ठेवावयाचें, तें भाजून निघालें कीं बंद करावयाचें. थंड झाल्यावर पुष्कळदां तें जिवंत होई आणि थोड्या दिवसांनीं कायमचें मरे. ज्या उष्णतेनें रोग झाला तिचाच काढा! खुद्द कंपनीच्या माणसांनीं २०२१ सालच्या आपल्या अनुबोधपटांत कारण सांगितलें तें असें कीं, चिपेच्या आंतले सूक्ष्म सांधे तुटत होते, आणि ते केवळ तापण्यानें नव्हे, तर वारंवार तापण्यानिवण्यानें. मुलें खेळ संपला कीं यंत्र बंद करीत, दुसऱ्या दिवशीं पुन्हां चालू करीत. दर खेपेस चिप फुगे व आक्रसे, आणि तार वारंवार वांकविल्यानें तुटावी तसा सांधा तुटे. फिलाडेल्फियांत १९४६ नंतर जें शिकले तें २००५ नंतर पुन्हां शिकावें लागलें. फरक एवढाच कीं, एनियाक बंद न करण्याची मुभा होती; दिवाणखान्यांतल्या खेळण्याला ती नसते.

याच सुमारास, २००८ च्या जुलैंत, एन्व्हिडिया कंपनीनें मांडीवरच्या संगणकांतील आपल्या कांहीं चिपांचे सांधे व वेष्टण कमकुवत निघाल्याचें जाहीर करून त्यासाठीं पंधरा ते वीस कोटि डॉलर बाजूला काढले. त्याहि वेळीं लोकांनीं कार्डें स्वयंपाकघरांतल्या भट्टींत भाजून पाहिलीं.

पण खेळावरचा आरोप खोडून काढणारा मला भेटलेला सर्वांत बोलका पुरावा २०१० सालचा आहे. ‘स्टारक्राफ्ट’ या युद्धखेळाचा दुसरा भाग त्या वर्षीं २७ जुलैला प्रसिद्ध झाला. कांहीं खेळाडूंचीं कार्डें तापून बंद पडूं लागलीं, आणि आश्चर्य असें कीं, तीं रणधुमाळींत नव्हे, तर खेळ सुरू होण्याआधींच्या शांत पडद्यावर, जेथें नुसती यादी वाचावयाची असते. कारण असें निघालें कीं, युद्ध चालू असतां कार्डाला इतकें काम असे कीं त्याची गति आपोआप मर्यादेंत राही. यादीच्या पडद्यावर रचावयाचें फारसें कांहीं नाहीं, आणि किती वेळां रचावें याला बंधनहि नाहीं! मग कार्ड तेंच साधें चित्र सेकंदाला शेंकडों वेळां पुन्हां पुन्हां काढीत बसे. ब्लिझर्ड कंपनीनें उपाय सांगितला तो दोन ओळींचा होता: एका मजकुराच्या फाइलींत खेळासाठीं साठ आणि यादीसाठीं तीस अशी सेकंदाची मर्यादा लिहावी. मात्र ज्यांच्या यंत्रांत हवा नीट खेळत होती त्यांना या ओळींची गरजच पडली नव्हती.

अकरा वर्षांनीं, २०२१ च्या जुलैंत, अमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चांचणींत तेंच घडलें. तेव्हां तर कांहीं अत्यंत महागडीं ३०९० कार्डें मेलीं तीं मेलींच. खेळाडूंनीं खेळाच्या नांवानें आरोळी ठोकली. खेळाच्या कर्त्यांनीं याद्यांच्या पडद्यावर मर्यादा घातली. सप्टेंबरांत ईव्हीजीए या कार्डें बनविणाऱ्या कंपनीनें सांगितलें कीं, आपल्याकडे परत आलेलीं सुमारें चोवीस कार्डें क्ष-किरणांखालीं तपासलीं असतां त्यांतल्या वीजनियंत्रक भागांभोंवतींचें डाखकाम कच्चें आढळलें. घाट होता हें खरें, आणि आंस चिरलेला होता हेंहि खरें.

दोष कोणाचा या वादांत ग्राहक हा सगळ्यांना सोयीचा आरोपी असतो. २०२२ च्या ४०९० कार्डाचा विजेचा जोड वितळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हां नोव्हेंबरांत एन्व्हिडियानें आपल्याला जगभरांतून सुमारें पन्नास प्रकरणें माहीत असल्याचें सांगून, जोड पूर्ण आंत बसविला नसल्यानें तसें झालें असा निर्वाळा दिला. तो खोटा होता असें मी म्हणत नाहीं. परंतु पुढच्याच वर्षीं त्या जोडाची नवी आवृत्ति निघाली, आणि तींत खुणेच्या टांचण्या आंखूड केल्या, अशा हेतूनें कीं, जोड अर्धवट बसला असेल तर वीजच वाहूं नये. ज्या दाराची कडी अर्धवट लागते त्याचा सुतार अगदींच निर्दोष कसा, हें विचारण्याचा अधिकार घरमालकाला असावा.

आमच्या घरीं सुतारहि मीच आणि न्यायाधीशहि मीच. शेवटच्या वर्षीं भाच्याच्या प्रकल्पासाठीं तेंच ग्राफिक्स कार्ड लागणार होतें. त्यावर इमारतींचीं त्रिमिति चित्रें रचावयाचीं होतीं. कार्ड कुलुपांतून निघालें, कपाटाच्या खणांतल्या यंत्रांत बसलें, काम सुरू झालें, आणि विसाव्या मिनिटाला पडदा काळा. खेळ नव्हता, खेळणारा नव्हता, भर दिवसा अभ्यास चालला होता. प्रकल्प सादर करावयास तीन आठवडे उरले होते, आणि खेळ बंद करूनच रोग बरा झाला असें मानल्यामुळें मधल्या काळांत कोणीं कारण शोधलेंच नव्हतें. तो त्या दिवशीं मला कांहीं बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें.

त्यानें एक दोनशें पानी वही घेतली आणि दर खेपेस एकच गोष्ट बदलून, पडदा काळा व्हावयास किती मिनिटें लागलीं तें लिहूं लागला. खणाचें दार बंद: १९. दार उघडें: ३१. यंत्र बाहेर टेबलावर: ४४. म्हणजे हवेचा संबंध आहे, हें पहिल्याच दुपारीं कळलें. मग त्यानें कार्डाचें झाकण उघडलें. आमचें घर जिनिंगच्या कारखान्यापासून फार दूर नाहीं. कार्डाच्या अल्युमिनियमच्या पात्यांमध्यें कापसाची तूस व धूळ यांची गादी इतकी घट्ट बसली होती कीं ती चिमट्यानें अखंड उचलतां आली. ती काढल्यावर यंत्र दोन दिवस अखंड चाललें. मीं सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानें टाकला नाहीं, कारण कार्डाचा ताप सत्तर अंशांवर असतांनाच तिसऱ्या दिवशीं पडदा पुन्हां काळा झाला, आणि या खेपेस सगळें यंत्रच पुन्हां सुरू झालें. वहींत त्यानें या नोंदीखालीं दोन रेघा ओढल्या आहेत. अंधार तोच, पण रोग दुसरा. मित्राकडून पॉवर सप्लाय उसना आणून लावला, तों बिघाड नाहींसा झाला. आपला परत लावला, तों दुसऱ्या तासाला हजर. चित्राचा भार एकदम वाढला म्हणजे कार्ड क्षणार्धांत नेहमींपेक्षां किती तरी अधिक वीज ओढतें, आणि दुबळा सप्लाय स्वतःला वांचविण्यासाठीं सगळेंच बंद करतो. भाच्यानें पहिल्या दिवशीं ज्या सप्लायचें नांव लिहून दिलें होतें तो सोडून, निम्म्या किंमतीचा घेऊन येणारा मीच होतों.

नवा सप्लाय आला. प्रकल्प वेळेंत गेला, पण शेवटचे चार दिवस तो मुलगा झोंपला नाहीं, आणि ज्या पारितोषिकासाठीं त्याच्या अध्यापकांनीं त्याचें नांव सुचविलें होतें त्याची मुदत मधल्या आठवड्यांत निघून गेली होती. तो आतां बंगलोरास असतो. वही इकडेच राहिली. वर्गांत अस्सल कागदांचें महत्त्व सांगतांना मी ती अलीकडे मुलांना दाखवितों. दिनांक, वेळ, काय बदललें, काय झालें, असे चार स्तंभ, खाडाखोड असेल तेथें ती तशीच राखलेली. शेवटच्या भरलेल्या पानावरची नोंद प्रकल्प दिल्यानंतरच्या रात्रीची आहे: दार उघडें, नवा सप्लाय, तोच जुना खेळ, सलग तीन तास दहा मिनिटें, पडदा ठीक, आणि पलीकडच्या स्तंभांत बारीक अक्षरांत, आवाज बंद ठेवला, मामा झोंपले आहेत.